पाण्याकडे तोंड करून

अ‍ॅरिझोनातल्या लीज फेरी या घाटावर, कोलोरॅडो नदीच्या काठाला सामान उतरवलं तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. शेवटचा पट्टा आवळला तेव्हा सूर्य कड्याआड गेला होता. सोळा माणसं, पाच राफ्ट, म्हणजे हवा भरलेल्या होड्या, आणि अठरा दिवसांचा शिधा. पिठापासून बटाट्यापर्यंत सगळं, स्वयंपाकाचा गॅस, पाणी गाळायचा पंप, औषधांची पेटी. वाळूवर थेट शेकोटी पेटवायला बंदी, म्हणून तिच्यासाठी लोखंडी परात. माणसांची विष्ठासुद्धा परत बाहेर न्यायची, म्हणून त्यासाठी घट्ट झाकणांचे लोखंडी डबे. हे सगळं अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्यावर रचायचं आणि असं बांधायचं की राफ्ट उलटी झाली तरी आतला चमचा सुटता कामा नये. माझ्या वाट्याला आलेली अठरा फुटी राफ्ट माणसांसकट टनाच्या घरात गेली असावी. ती मला दोन वल्ह्यांवर २२६ मैल न्यायची होती.

संध्याकाळी हात धुताना तळव्यांना पाणी झोंबलं. पट्टे ओढून ओढून बोटांच्या पेरांची सालं गेली होती, आणि नदीवर तर अजून पाऊलही ठेवलेलं नव्हतं.

ग्रँड कॅन्यनमधून स्वतःच्या जबाबदारीवर राफ्ट न्यायची तर राष्ट्रीय उद्यानाच्या सोडतीत नाव लागावं लागतं. ज्यांना बरीच वर्षं संधी मिळालेली नाही त्यांच्या नावाला सोडतीत जास्त वजन असतं. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीचं नाव सहाव्या वर्षी लागलं आणि मार्च महिन्यातली तारीख मिळाली. त्याआधीची दोन वर्षं मी युटामधल्या सॅन वॉन नदीवर वल्हवायला शिकत होते. ती नदी शांत, सोसणारी. चूक केली तर वाळूच्या पट्ट्यावर नेऊन बसवते, एवढंच. कोलोरॅडोचं तसं नाही, हे सगळ्यांनी सांगितलं होतं.

पण मी गेले ते लाटांसाठी नाही. माझं बालपण भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात, मॅंगनीजच्या एका भूमिगत खाणीच्या वसाहतीत गेलं. बाबा अठराव्या वर्षी खाणीत उतरले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. आमच्या घरी जेवताना बोलणं निघे ते छताचं, टेकूंचं, पाणी उपसायच्या पंपाचं. पुढे लग्न होऊन फिनिक्सला आले आणि कधीतरी कळलं, की ज्या कॅन्यनच्या कडेला उभं राहून आपण पाहुण्यांना सूर्यास्त दाखवतो, तिच्या पोटात माणसांनी तांबं, अ‍ॅस्बेस्टॉस आणि सोनं शोधत आयुष्यं घालवली. ही माणसं तिथे पोचली कशी आणि माल बाहेर कसा काढत होती, हे मला जागेवर जाऊन बघायचं होतं.

निघायच्या आधी बाबांना फोन केला. ते आता नागपूरला असतात, वय चौऱ्याऐंशी. खाणींचं सांगितल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला. "माल तर कुठंही असते, बाई. स्टेशनापर्यंत कसा नेत होते ते, ते पाहून ये." आमच्याकडे तुमसर रोडवरून तिरोडीला जाणारा रेल्वेचा फाटा आहे. तो मॅंगनीजसाठीच टाकलेला. बाबांच्या लेखी खाण म्हणजे आधी तो फाटा, मग बोगदा.

या प्रश्नाचं पहिलं उत्तर लीज फेरीलाच, आमच्या राफ्टपासून काही पावलांवर मिळालं. काठाकाठाने वर चालत गेलं की एक जुना गंजका बॉयलर पडलेला दिसतो. पुढे पाणी उतरलेलं असलं तर तळाशी एका मोठ्या नावेचे अवशेष दिसतात. चार्ल्स स्पेन्सर नावाच्या माणसाने १९१० च्या सुमाराला इथल्या शेल नावाच्या मातकट खडकातून सोनं काढायचा घाट घातला. खडक धुऊन तो पाऱ्यावरून न्यायचा, म्हणजे सोनं पाऱ्याला धरेल, असा बेत. बॉयलर चालवायला कोळसा हवा होता, आणि कोळसा होता २८ मैल वरच्या अंगाला, वॉर्म क्रीकपाशी. तो आणायला ९२ फुटी आगबोट मागवली गेली. सॅन फ्रान्सिस्कोत बांधून, सुटी करून, रेल्वेने आणि पुढे बैलगाड्यांवर घालून ती वाळवंटातून आणली आणि १९१२ मध्ये नदीकाठी जोडली. बोट कोळसा घेऊन खाली आली खरी, पण प्रवाहाविरुद्ध परत वर जायला तिला तो कोळसा जवळजवळ सगळाच लागत होता. आणि सोनं इतकं बारीक आणि माती इतकी चिकट, की पारा माखून जाई आणि हाती काही येत नसे. थोड्याच खेपांनंतर बोट बांधून ठेवली ती कायमची. मी काठावर उभी राहून बराच वेळ त्या पाण्यात बघत होते. ९२ फूट लोखंड-लाकूड बैलगाडीवरून आणणाऱ्या गाडीवानांची नावं कुठे लिहिलेली असतील, असं मनात येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेंजरने सामान तपासलं. प्रत्येकाचं जीवरक्षक जाकीट अंगात घालून बघितलं, बक्कल ओढून बघितले. मार्चमध्ये पाणी आठ-नऊ अंशांचं असतं. १९६३ मध्ये वर ग्लेन कॅन्यन धरण झालं, आणि तेव्हापासून इथे जलाशयाच्या खोलातलं थंड, स्वच्छ, हिरवट पाणी येतं. जुन्या लोकांची नदी वेगळी होती, उन्हाळ्यात कोमट आणि विटकरी गढूळ. बारा वाजता आम्ही काठ सोडला. चार मैलांवर नावाहो पुलाखालून गेलो. वर ४६७ फुटांवर पुलाच्या कठड्यावर माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. त्यानंतर वर रस्ता दिसला नाही.

बाराव्या मैलाच्या आसपास डाव्या काठाला एका खडकावर कोरलेली अक्षरं आहेत. फ्रँक ब्राउन १० जुलै १८८९ रोजी या जागेसमोर बुडाले, अशा अर्थाची. ब्राउन एका रेल्वे कंपनीचे अध्यक्ष होते. कोलोरॅडोचा कोळसा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला न्यायला या कॅन्यनच्या तळातून रूळ टाकायचे, असा त्यांचा विचार. पाहणीला आले ते देवदाराच्या हलक्या, अरुंद होड्या घेऊन, आणि जीवरक्षक जाकिटं न घेता. अक्षरं कोरणारा माणूस त्यांच्याच तुकडीतला, पीटर हॅन्सब्रो. पाच दिवसांनी, आणखी तेरा-चौदा मैलांवर, हॅन्सब्रो आणि हेन्री रिचर्ड्स असे दोघे बुडाले. मग मुख्य अभियंता रॉबर्ट ब्रूस्टर स्टँटन यांनी उरलेलं सामान एका गुहेत ठेवलं आणि माणसांना बाजूच्या घळीतून वर काढलं. डिसेंबरात ते परत आले, मजबूत होड्या आणि प्रत्येकाला जाकीट घेऊन, आणि पाहणी पुरी करूनच थांबले. रेल्वे झाली नाही.

मी त्या अक्षरांपुढे उभी होते तेव्हा माझ्या जाकिटाचा वरचा बक्कल सैल होता. दुपारी गरम झालं म्हणून मीच सैल केला होता. तो मी तिथेच लावला.

आता वल्हवण्याबद्दल सांगते, कारण सगळं त्यावर उभं आहे. तळ्यात किंवा समुद्रात होडी वल्हवणारा माणूस जायच्या दिशेला पाठ करून बसतो. वल्ह्यांना जोर त्यात जास्त देता येतो. मेजर जॉन वेस्ली पॉवेल १८६९ मध्ये या नदीतून पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांची माणसं अशीच बसत. रॅपिड, म्हणजे धोंड्यांमधून फेसाळत उतरणारं पाणी, पाठीमागे, तोंड वरच्या अंगाला. खडक कुठे आहे ते पॉवेल होडीवरून सांगणार, आणि त्यांना स्वतःला तर एकच हात, दुसरा शायलोच्या लढाईत गेलेला. आम्ही बसतो उलटं. तोंड खालच्या अंगाला, म्हणजे येणाऱ्या रॅपिडकडे. आणि पुढे ढकलत नाही, मागे ओढतो. पाणी आपल्याला नेतच असतं. आपण त्याच्यापेक्षा सावकाश जायचं, राफ्ट थोडी तिरकी धरायची आणि ज्या खडकापासून वाचायचं त्याच्यापासून लांब ओढत राहायचं. वेग कमी केला की बघायला वेळ मिळतो.

ही पद्धत इथे रुजवली नॅथॅनिएल गॅलोवे याने. युटातला फासेपारधी. बीव्हरची कातडी आणि जमलं तर सोनं शोधत एकटा-दुकटा नदीवर फिरायचा, १८९० च्या दशकात. सपाट तळाच्या हलक्या होड्या स्वतःच बांधायचा. त्याचं नाव आज नदीवरच्या माणसांखेरीज फारसं कुणाला माहीत नाही. पण त्याची पद्धत इतरांपर्यंत पोचली कशी, तेही खाणीशीच जोडलेलं आहे. रेल्वेचं फसल्यावर स्टँटननी ग्लेन कॅन्यनमध्ये वाळूतलं सोनं काढायची कंपनी उभारली, होस्कानिनी. मोठा थोरला ड्रेज, म्हणजे नदीतली वाळू उपसणारं तरंगतं यंत्र, सुटा करून गाड्यांनी आणला, नदीत जोडला आणि १९०१ मध्ये चालवला. सोनं होतं, पण पिठासारखं बारीक. यंत्रावरून पाण्याबरोबर वाहून जायचं. पहिल्या वेळी हाती आलं ३० डॉलर १५ सेंटचं, दुसऱ्या वेळी ३६ डॉलर ८० सेंटचं. कंपनी बुडाली. तिच्यात पैसे घातलेल्या ज्युलियस स्टोन यांची गॅलोवेशी ओळख झाली ती या उद्योगातून. १९०९ मध्ये स्टोन त्यालाच घेऊन पूर्ण नदी उतरले, आणि गॅलोवेचं वल्हवणं लोकांच्या नजरेत भरलं. ड्रेजची जागा आज पॉवेल जलाशयाच्या पाण्याखाली आहे. उरलं ते वल्हवणं. रोज सकाळी मी खालच्या अंगाला तोंड करून बसायचे तेव्हा मला याचं अप्रूप वाटायचं.

विसाव्या मैलापासून रॅपिड एकामागून एक येतात. तिथे मी फक्त पाणी वाचत होते. दोन्ही बाजूंच्या ओढ्यांनी आणलेले धोंडे नदी अडवतात, तिथे वरच्या अंगाला पाणी तुंबून संथ होतं आणि मग मधोमध काळसर गुळगुळीत त्रिकोण होऊन खाली घसरतं. तो त्रिकोण सापडला तर वाट सापडली. त्याच्या टोकाला लाटा. पाणी एकाच जागी फेसाळत उलटं वळत असेल तर खाली खडक. साडेचोविसाव्या मैलाचा रॅपिड आला तेव्हा आमच्या म्होरक्याने, म्हणजे सत्तरीच्या एका जुन्या बोटमनने, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. इथे ८ जुलै १९४९ रोजी बर्ट लोपर गेले. वल्ह्यावर बसलेले असतानाच, बहुधा हृदय बंद पडून, आणि होडी उलटली. ऐंशीला तीन आठवडे कमी होते. लोपर जन्मले १८६९ मध्ये, पॉवेल नदीवर होते त्याच उन्हाळ्यात. अनाथ पोर, कोलोरॅडोच्या खडकाळ खाणींत वाढलेला मजूर, मग ग्लेन कॅन्यनमध्ये वाळू चाळणारा. सोन्याने त्यांना कधी काही दिलं नाही. नदीचं वेड मात्र लागलं ते शेवटपर्यंत. होडी खाली एक्केचाळिसाव्या मैलापाशी सापडली.

त्या रॅपिडमधून बाहेर पडल्यावर म्होरक्या मला म्हणाला, "तू वल्ही फार घट्ट धरतेस. बोटं ढिली सोड, नाहीतर आठवड्यात हात बंद पडतील." दुसऱ्या दिवसापासून मी तसं करून बघितलं आणि मनगटाची कळ खरंच उतरली.

पुढचे चार-पाच दिवस मला फार बारकाईने आठवत नाहीत. तांबडा चुनखडक, सावली, थंडी, सकाळी गोठलेले पट्टे. नॅन्कोवीपला उंच कड्यात प्यूब्लो लोकांची धान्याची कोठारं बघितली. लिटल कोलोरॅडोच्या संगमानंतर काही अंतरावर डाव्या काठाला होपी लोकांच्या मिठाच्या जागा आहेत. कड्यातून झिरपणारं मीठ न्यायला त्यांची माणसं पिढ्यान्‌पिढ्या व्रत म्हणून इथे उतरत आली. तिथे कुणी थांबायचं नाही असा नियम आहे. आम्ही वल्ही उचलून गप्प बसलो आणि प्रवाहाने पुढे नेलं तसे गेलो. या कॅन्यनमधून खनिज बाहेर नेण्याचं सगळ्यात जुनं काम ते. पाठीवर मावेल तेवढंच न्यायचं आणि मागून नमस्कार करून निघायचं. मला बाबांच्या खाणीतली दसऱ्याची पूजा आठवली.

सत्त्याहत्तराव्या मैलावर हॅन्स रॅपिड.

जॉन हॅन्स १८८३ च्या सुमाराला दक्षिण कड्यावर येऊन राहिला. त्याने नदीपर्यंत पायवाट काढली आणि पलीकडच्या, म्हणजे उत्तरेच्या अंगाला अ‍ॅस्बेस्टॉस सापडला. चुनखडकात तप्त रस घुसला तिथे दोघांच्या सांध्याला हिरवा सर्पेंटाइन तयार झाला आणि त्यात रेशमासारख्या तंतूंच्या शिरा. माल उत्तम होता. पण तो आधी नदी ओलांडून इकडे आणायचा आणि मग खेचरांवर घालून दीड किलोमीटर उभी चढण चढायची. कड्यावर रेल्वे आली ती १९०१ मध्ये. तोवर कड्यावरून पुढेही गाडीनेच न्यायचा, दिवसचे दिवस.

आम्ही रॅपिडच्या तोंडाशी डाव्या काठाला उतरलो आणि धोंड्यांवर चढून पाऊण तास पाणी बघितलं. त्या दिवशी पाणी कमी होतं. एरवी बुडालेले खडक डोकी वर काढून होते. नदी इथे तीस फूट खाली उतरते आणि ती सरळ उतरत नाही. म्होरक्याने वाट दाखवली. एका काळ्या खडकाच्या शेजारून शिरायचं, लगेच डावीकडे ओढायचं, संथ पाण्यात यायचं, मग पुढचं बघायचं. मी ती वाट काडीने वाळूत काढून ठेवली.

शिरले बरोबर. ओढायला लागले तेव्हा उजवं वल्हं एका दगडावर टेकलं आणि ते अडकवायच्या कडीतून निसटलं. ते परत बसवायला तीन-चार सेकंद गेले असतील. तेवढ्यात राफ्ट आडवी होऊन एका रुंद खडकाला छातीने भिडली. वरच्या अंगाची कड पाण्याने खाली दाबायला सुरुवात केली. मी ओरडले, "खडकाकडे! सगळे खडकाकडे!" माझा नवरा आणि पुढे बसलेली मैत्रीण, दोघांनी खडकाच्या बाजूच्या कडेवर स्वतःला झोकून दिलं. ते वजन तिथे पडलं नसतं तर पाणी आत शिरून राफ्ट खडकाला गुंडाळली गेली असती. शिकताना हे दहा वेळा केलं होतं, पण मी मराठीत ओरडले हे नंतर कळलं. मैत्रिणीला मराठी येत नाही. ती नवऱ्याकडे बघून हलली.

राफ्ट उलटली नाही आणि सुटलीही नाही. वीस-पंचवीस मिनिटं आम्ही त्या खडकावर होतो. पाण्याचा आवाज एवढा की कानाशी तोंड नेऊन बोलावं लागत होतं. बाकीच्या चार राफ्ट खाली संथ पाण्यात थांबलेल्या. म्होरक्या काठावरून दोन्ही हात मागच्या टोकाकडे दाखवत होता. मग उमगलं. पुढचं टोक हलकं करायचं. आम्ही तिघं रांगत मागे गेलो, एकमेकांना धरून, शक्य तेवढं मागे. पुढचं टोक किंचित उचललं गेलं, प्रवाहाने ते पकडलं, राफ्ट कुरकुरत खडकावर फिरली आणि सुटली. मी परत जागेवर जाऊन बसेपर्यंत ती उलट्या तोंडाने अर्धा रॅपिड उतरली होती.

खाली गेल्यावर माझे पाय इतके लटपटत होते की मी तळाशीच बसून राहिले. नवऱ्याने पाणी दिलं. पट्टे तपासताना वर नजर गेली तेव्हा उजव्या काठाला, उंचावर, खडकाच्या पायऱ्यांसारख्या थरांतून फिकट राडारोडा खाली ओघळलेला दिसला. त्याच्या वरच्या टोकाला काळी भोकं. हॅन्सची खाण. बाबांच्या वसाहतीत मागच्या टेकडीवर असाच ओघळ होता. लांबून कुणी सांगितलं नसतं तरी मी तो ओळखला असता. आम्ही तिकडे चढलो नाही. खाणींत शिरायला मनाई आहे आणि त्या तंतूंची धूळ फुप्फुसाचं काय करते ते आता सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे छिन्नी चालवणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. आमच्या वसाहतीतही रात्री खोकणारी म्हातारी माणसं होती.

एक टन ओझं घेऊन मी उताराने जाताना ही गत झाली होती. ती माणसं याच पाण्यातून लहान होडीने, माल भरून, आडवी जात होती. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे बसल्या बसल्या मला अंगात कळलं.

आतल्या काळ्या घळीतून पुढे फॅन्टम रँच, कॅन्यनच्या तळातलं विश्रामगृह. तिथून आई-बाबांना पत्र टाकलं. ते खेचराच्या पाठीवरून वर जातं आणि तसा शिक्का त्यावर असतो. क्रिस्टल रॅपिड नीट पार पडला.

एकशे आठव्या मैलापाशी डाव्या काठाला, पाण्यापासून वर, खडकांत एक पोलादी होडी पडलेली आहे. रॉस व्हीलर. बर्ट लोपर यांनीच १९१४ मध्ये बांधलेली. पुढे ती चार्ल्स रसेल यांच्या मोहिमेत आली आणि १९१५ मध्ये इथेच सोडून दिली गेली. माणसं पायवाटेने वर निघून गेली. एका खाणमजुराने हाताने बांधलेली होडी शंभराहून जास्त वर्षं तिथेच आहे. मी जवळ बसून बघितली, हात लावला नाही. पुढे-मागे झाकलेले कप्पे, मध्ये बसायची जागा. गंज एकसारखा, पिकल्या विटेच्या रंगाचा. पत्र्यांच्या जोडावर रिवेटांची रांग, प्रत्येक डोकं गोल आणि जवळजवळ सारख्या अंतरावर. एकाच ठिकाणी दोन रिवेट जवळजवळ मारलेले. तिथे काहीतरी चुकलं असेल आणि त्यांनी ते जास्तीचा एक मारून सुधारलं असेल.

समोरच्या काठाला शिनुमो ओढ्याकडे विल्यम वॉलेस बॅस यांचा मुक्काम होता. १८८० च्या दशकात आलेला हा माणूस तांबं आणि अ‍ॅस्बेस्टॉसमागे लागला. दोन्ही अंगांना पायवाटा काढल्या, ओढ्याकाठी मळा केला, झाडं लावली, आणि १९०८ मध्ये नदीवर तार टाकून पाळणा बसवला, खेचरासकट पलीकडे जाता यावं म्हणून. खाणीने पोट भरेना, म्हणून हॅन्ससारखाच तोही पर्यटकांना खाली घेऊन येऊ लागला. पण मला त्याच्यापेक्षा त्याच्या बायकोबद्दल वाचून जास्त वाटलं होतं. एडा बॅस, न्यूयॉर्ककडची संगीत शिकवणारी, १८९५ मध्ये लग्न करून इथे आली. वर कड्यावर घर, चार मुलं आणि पाणी नाही. टाकी आटली की ती धुणं जनावरावर लादून नदीवर आणायची. जायला-यायला-धुवायला तीन दिवस. मी माझे दोन मोजे नदीत बुचकळले तेव्हा पाण्याने बोटं बधिर झाली.

त्या मुक्कामाच्या जागी एका सपाट खडकावर जुनी अवजारं ठेवलेली आहेत. कुणी उचलत नाही. फुटकं भांडं, फावड्याचं पातं, कुदळीचं डोकं, आणि हातभर लांबीची एक लोखंडी सळई, एका टोकाला चपटी पसरलेली. मी तिचे चार फोटो काढले.

लाव्हा फॉल्स नावाच्या रॅपिडमध्ये आमच्यातली एक राफ्ट उलटली. तिघं पाण्यात गेले आणि तिघंही दोन मिनिटांत बाहेर होते. राफ्ट सरळ केली तेव्हा चमचासुद्धा हरवलेला नव्हता.

अठराव्या दिवशी डायमंड क्रीकला, वालापाई लोकांच्या जमिनीवर, राफ्ट काठाला लावल्या. जे बांधायला एक दिवस लागला ते सोडायला तीन तास. राखेचे डबे, विष्ठेचे डबे, रिकामे खोके, सगळं हातोहात ट्रकवर. ओढ्याच्या पात्रातूनच रस्ता वर जातो. ट्रक पहिल्या गिअरमध्ये, आम्ही दांड्या धरून.

रात्री फ्लॅगस्टाफच्या मोटेलमधून बाबांना व्हिडिओ कॉल लावला. फोटो आधीच पाठवले होते. हॅन्सच्या रॅपिडमधलं सगळं सांगितलं, खेचरांचं सांगितलं, नदीवरच्या तारेचं सांगितलं. ते ऐकत होते पण त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. आईने फोन धरला होता आणि ते तिच्या फोनवर फोटो मोठा करून बघत होते, चष्मा कपाळावर.

"हे जंपर आहे," ते म्हणाले. "सुरुंगाचं भोक पाडाची सळई. मीबी पहिली दोन वर्षं हातानंच पाडली, मशीन मागून आली. पाह्य, डोकं कसं फुललं आहे. एका हातानं धरायचं, दुसऱ्या हातानं हाणायचं. हे त्या एकट्या माणसाचं काम आहे, जोडीचं नाही. जोडीचं असतं तर डोकं याहून जास्त फुटलं असतं."

मी विचारलं, एवढीशी सळई, भोक किती खोल जाणार?

"हे सुरुवातीचं आहे, बाई. हे अर्धं गेलं की याच्याहून लांबवालं घ्या लागते, मग त्याच्याहून लांब. तीन तरी असतात." ते फोटो सरकवत होते. "बाकीचे कुठं आहेत? तिथंच कुठं पडले असतील. तू खडकाच्या मागं पाह्यलं का?"

मी माझ्या फोनवर त्या खडकाचे चारही फोटो परत उघडले.